एकच व्हेरिएबल बदलला: उर्स फिशरचं मेणाचं शिल्प

'एका वेळी एकच व्हेरिएबल बदला' हे गाइडकडून तुम्ही ऐकालच. त्याचं मला आवडलेलं उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही.

जांबोलोन्याचं 'सबाइन स्त्रीचं अपहरण' हे शिल्प फ्लॉरेन्सच्या चौकात १५८३ पासून उभं आहे. अखंड संगमरवर, एकमेकांत पिळलेल्या तीन आकृत्या. स्विस शिल्पकार उर्स फिशरने त्याच आकाराची, तेवढ्याच उंचीची प्रतिकृती मेणात ओतली. बदललं फक्त द्रव्य. मग आत वाती घातल्या. २०११ च्या व्हेनिस बिएनालेत त्या पेटवल्या आणि पुढचे काही महिने हात, डोकी गळत राहिली.

सडक अर्जुनीहून रायपूरच्या रस्त्याने पुढे बस्तर लागतं. तिथल्या ढोकरा कामात मेण वितळून जातं नि त्या जागी धातू बसतो. जांबोलोन्याही आधी मेणाचे छोटे नमुने करायचा. म्हणजे मेण ही कायम मधली पायरी. फिशरने तीच शेवटची केली.

याला नासधूस म्हणणारे भेटतील. मला पटत नाही. सुरुवातीची स्थिती शिल्पकाराने ठरवली, पुढचं ज्योत आणि गुरुत्वाकर्षणावर सोडलं. फ्लॉरेन्समधलं मूळ शिल्प जागेवरच आहे, म्हणजे कंट्रोलसुद्धा आहे! आणि समोर उभा राहून बघणारा माणूस, म्हणजे चित्रकार रुडॉल्फ स्टिंगेलचा पुतळा, तोही मेणाचाच होता. त्यालाही वात होती.