चढावर गाडी दम का टाकते?

भाटघरच्या जलाशयाला धरून वेळवंड खोऱ्यात शिरणारा रस्ता असो किंवा भोरहून वरंधा घाटाकडे चढत जाणारा, या भागात मोटरसायकल ही चैनीची वस्तू नाही. दुधाचे कॅन, शाळेची पोरे, दवाखान्यात न्यायचे आजारी माणूस, सगळा भार तिच्यावरच. अशा गाड्यांचे एक दुखणे नेहमीचे आहे. उभी असताना इंजिन छान चालते, सपाटीला कुरकुर नाही. पण चढ लागला आणि मूठ पिळली की गाडी दम टाकते. ‘पिकअप घेत नाही’, ‘ओढ गेली’, ‘मिसिंग करते’ अशा शब्दांत ते गॅरेजात सांगितले जाते. मग प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतला जातो, कधी इंजिनही उघडते. पैसे जातात आणि दुखणे तिथेच राहते. हे टाळायचे तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते: दोष चढावरच का दिसतो?

साधा हिशेब करू. गाडी आणि दोन माणसे मिळून वजन २५० किलो धरा. दर दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता आणि ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग. दर सेकंदाला हे वजन एक मीटर उंच उचलायचे आहे. त्याला सुमारे २,४५० वॅट, म्हणजे सव्वातीन अश्वशक्ती लागते. हवेचा आणि चाकांचा विरोध वेगळाच. शंभर सीसीच्या गाडीची सगळी ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास. उभ्या गाडीला यातला अगदी थोडा अंश पुरतो, त्यामुळे अर्धवट तुंबलेली नळी किंवा दमलेली कॉइल तिथे निभावून नेते. चढावर मागणी वाढते आणि लपलेली उणीव उघडी पडते.

मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर चार-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला ५० स्फोट होतात. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. शंभर सीसीचा सिलिंडर पूर्ण भरला तरी एका स्फोटाच्या वाट्याला जेमतेम आठ मिलिग्रॅम पेट्रोल येते, एका थेंबाहूनही कमी. एवढे बारीक माप सेकंदाला ५० वेळा अचूक पडले पाहिजे. ते चुकण्याच्या जागा चारच: पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब.

पण त्याआधी एक वेगळीच शंका फेडून घ्यावी. मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र वाढत नाही, असे असेल तर इंजिन निर्दोष आहे; क्लच प्लेट घसरतात. गाडी मधल्या स्टँडवर न्यूट्रलमध्ये उभी करून मागचे चाक हाताने फिरवा. ते अडखळत असेल तर ब्रेक धरून बसला आहे. इंजिनाला हात लावण्याआधी या दोन गोष्टी फुकटात कळतात.

आता पेट्रोल. टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असते. ते चिखलमातीने बुजले तर पेट्रोल उतरते तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पुढचा प्रवाह मंदावतो. गाडी काही किलोमीटर बरी चालून मग मरगळत असेल, तर रस्त्याच्या कडेला थांबून झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी पुन्हा ओढू लागली, तर निदान झाले. नाहीतर कॉकची जाळी, नळी आणि मेन जेटमधला कचरा तपासावा. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडते आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे, आणि बोट एअर फिल्टरकडे जाते. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीत तो धुळीने भरलेला असणारच.

उंचीवर हवा विरळ होते, हे खरे. दर शंभर मीटरला साधारण एक टक्का. महाडहून वरंध्याच्या माथ्यावर आल्यावर ओढ किंचित कमी वाटेल, पण गाडी झटके मारणार नाही. झटक्यांचे खापर घाटाच्या हवेवर फोडू नये.

ठिणगीचा न्याय अधिक गमतीचा आहे. मूठ पूर्ण उघडली की सिलिंडरमध्ये मिश्रण दाटीने भरते, आणि दाट वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून उभ्या गाडीत पेटणारा जुना प्लग भाराखाली चुकतो. प्लगचे टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके म्हणजे कमी. पावसाळ्यात प्लगच्या टोपीला तडा असेल तर वीज बाहेरच गळते. काळोखात इंजिन चालू ठेवून वायरीकडे पाहा, हात न लावता. निळसर ठिणग्या दिसल्या तर चोर सापडला.

दाबाची परीक्षा किक देते. पायाला विरोधच लागत नसेल तर टॅपेट घट्ट बसल्याने व्हॉल्व्ह गळतो किंवा रिंगा झिजल्या आहेत. सोबत निळसर धूर असेल तर बहुधा रिंगाच. इंजिन उघडण्याचा निर्णय इथे येतो, आधी नाही.

या भागाशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जाते, आणि ऊस हा इथेनॉलचा मोठा कच्चा माल आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. जुन्या कार्बोरेटर गाडीचे जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे असते, त्यामुळे मिश्रण थोडे पातळ पडते. शिवाय इथेनॉल पाणी धरते. टाकीत पाणी फार झाले तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि कॉक नेमके तळातूनच ओढतो. म्हणून पावसाळ्यात गाडी आडोशाला लावावी, महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि झाकणाचे रबर बघून घ्यावे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले. तिथे पंपाचा दाब, फिल्टर आणि सेन्सर तपासावे लागतात, आणि मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटला असेल तर त्याचा संकेत आधी वाचून घ्यावा. तर्क मात्र तोच राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजात जाताना नुसते ‘पिकअप नाही’ म्हणू नका. गाडी थंड असताना दम टाकते की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती किलोमीटरनंतर, पावसात की उन्हात, एवढे कागदावर लिहून न्या. एका वेळी एकच वस्तू बदला, मग त्याच चढावर पुन्हा गाडी चालवून पाहा. दोन बदल एकदम केले तर गाडी कशाने बरी झाली हे कधीच कळत नाही.