आईच्या डोळ्यांत पाणी का नाही?

मूल हरवल्याची बातमी येते तेव्हा पहिल्या दिवशी लोक मुलाचा फोटो पाहतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आई-बापाचे चेहरे पाहू लागतात. आई रडली नाही, बाप कॅमेऱ्यासमोर जरा जास्तच नीट बोलला, दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. मग ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ही नुसती कुजबुज असते, तिने कोणाचे काय बिघडते, असे आपण मानतो. पण या कुजबुजीचे पाय न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत आणि ज्युरीच्या खोलीपर्यंत पोहोचतात. तिथे पुरावा कसा वाचला जाईल, हेही मग तीच ठरवू लागते. ऑस्ट्रेलियातल्या चेंबरलेन खटल्याची बरीचशी कागदपत्रे आज उघड आहेत. त्यामुळे हा प्रवास त्यात टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

17 ऑगस्ट 1980 च्या रात्री मध्य ऑस्ट्रेलियात उलुरू या महाकाय खडकाच्या पायथ्याशी, पर्यटकांच्या तळावर, लिंडी आणि मायकेल चेंबरलेन यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिथला रानटी कुत्रा, तंबूतून बाहेर पडताना आपण पाहिला, असे लिंडीने त्याच क्षणी ओरडून सांगितले. शेजारच्या एका पर्यटक बाईने त्याआधी बाळाचे रडणे ऐकले होते, आणि तेव्हा लिंडी चुलीपाशी इतरांबरोबर उभी होती. त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या अनंगू समाजातल्या माग काढणाऱ्यांनी वाळूतले डिंगोचे ठसे पाहिले. त्याने काहीतरी ओझे नेले असल्याचेही सांगितले. काही आठवड्यांपूर्वीच याच परिसरात एका लहान मुलीला डिंगोने मोटारीतून ओढले होते. तिथले मुख्य वनरक्षक डेरेक रॉफ यांनी डिंगो धीट होत चालल्याचा इशारा सरकारला आधीच दिला होता. मृत्यू-चौकशी करणारे न्यायाधिकारी डेनिस बॅरिट यांनी फेब्रुवारी 1981 मध्ये डिंगोनेच बाळ नेले असा निष्कर्ष दिला. अफवांना आळा बसावा म्हणून त्यांनी तो थेट दूरचित्रवाणीवरून वाचून दाखवला.

आळा बसला नाही. तोवर लोकांनी आपला निकाल देऊन टाकला होता, आणि तो वाळूतल्या ठशांवर आधारलेला नव्हता. लिंडी कॅमेऱ्यासमोर कोसळली नाही. डिंगो शिकार कशी खातो, हेही तिने विचारल्यावर शांतपणे सांगितले. मायकेल सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा धर्मोपदेशक होता. मेलेले लेकरू पुनरुत्थानाच्या दिवशी परत भेटेल ही त्या दोघांची श्रद्धा होती आणि त्यांचा संयम त्या श्रद्धेतून आला होता. हा छोटा पंथ बहुतेकांना अपरिचित होता, म्हणून तोच संयम संशयास्पद ठरला. बाळाच्या नावाचा अर्थ ‘अरण्यातला बळी’ असा आहे, अशी थाप पसरली. आईने बाळाला कधीतरी काळा झगा घातला होता, तेही पुराव्यासारखे चघळले गेले. ‘डिंगो निर्दोष आहे’ असे छापलेले टी-शर्ट विकले गेले. 

यानंतर काय घडले ते बारकाईने पाहावे लागते. 1981 च्या सप्टेंबरात पोलिसांनी चेंबरलेन कुटुंबाच्या घराची झडती घेतली आणि त्यांची टोराना मोटार तपासणीला नेली. डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर उडालेले शिंतोडे प्रयोगशाळेत तान्ह्या बाळाचे रक्त ठरले. सरकारी पक्षाची गोष्ट त्यावर उभी राहिली: लिंडी चुलीपासून दूर होती त्या काही मिनिटांत तिने मोटारीच्या पुढच्या सीटवर, बाळाचा गळा कापला. प्रत्यक्षात ते शिंतोडे मोटार बनवताना आवाज कमी करण्यासाठी फवारलेल्या रसायनाचे होते. तसेच शिंतोडे त्याच बनावटीच्या इतर मोटारींतही सापडले. शिवाय हे कुटुंब माउंट आयझा या तांब्याच्या खाणींच्या गावात राहत होते, आणि रक्त शोधण्याची ती रासायनिक चाचणी तांब्याच्या धुळीनेही ‘होय’ म्हणू शकते. बचाव पक्षाला फेरतपासणी करता येईल अशा चाचणीपट्ट्या उरलेल्याच नव्हत्या, त्या नष्ट केल्या होत्या. एका नामांकित ब्रिटिश तज्ज्ञाला बाळाच्या सापडलेल्या कपड्यावर रक्ताळलेल्या हाताचा ठसा दिसला होता. त्या खुणांचा बराचसा भाग वाळवंटातली लाल माती होती. ही माणसे खोटारडी होती असे मला म्हणायचे नाही. रक्त असणारच, अशा समजुतीने पाहिले की लाल माती रक्त दिसते, आणि ती समजूत प्रयोगशाळेच्या बाहेर, साऱ्या देशाने मिळून तयार केली होती.

इथे एक आक्षेप येतो. शिक्षा लोकांनी नाही, न्यायालयाने दिली, मग दोष लोकांना का? पण दोषी कोण हे ठरवणारी ज्युरी याच लोकांतून आलेली असते. या खटल्यात न्यायमूर्ती जेम्स म्युअरहेड यांनी ज्युरीला केलेले समारोपाचे निवेदन निर्दोषत्वाकडे झुकणारे होते. तरीही 29 ऑक्टोबर 1982 रोजी डार्विनमध्ये ज्युरीने गरोदर लिंडीला, आणि तिच्याबरोबर मायकेललाही, दोषी धरले. तिला जन्मठेप झाली आणि पुढच्याच महिन्यात ती कैदेत बाळंत झाली. बाळाच्या अंगात वरून पांढरे जाकीट होते, म्हणून आतल्या कपड्यावर डिंगोची लाळ नाही, असे ती पहिल्यापासून सांगत होती. जाकीट सापडले नाही म्हणून ती खोटी ठरली. फेब्रुवारी 1986 मध्ये उलुरूवरून पडलेल्या एका पर्यटकाचा शोध घेताना, डिंगोंच्या बिळांच्या परिसरात, ते मातीत अर्धवट पुरलेले मिळाले. काही दिवसांत तिची सुटका झाली. न्यायमूर्ती मॉर्लिंग यांच्या आयोगाने पुरावे नव्याने तपासल्यावर 1988 मध्ये दोघांच्याही शिक्षा रद्द झाल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही वेळा आई-बापच गुन्हेगार असतात, मग संशय घ्यायचाच नाही का? पोलिसांनी घरच्यांची चौकशी आधी करावी, ते त्यांचे कामच आहे. पण पोलिसांचा संशय पडताळता येतो आणि पडताळून सोडून देता येतो. ऑक्टोबर 1994 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात सुझन स्मिथ या आईने सांगितले की एका कृष्णवर्णीय माणसाने मोटार पळवली आणि तिच्या दोन मुलांना नेले. ती दूरचित्रवाणीवर रडत विनवण्या करत होती. अनेकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि त्या भागातले कृष्णवर्णीय पुरुष संशयाखाली आले. नवव्या दिवशी तिने कबूल केले की मुलांसह मोटार तळ्यात तिनेच सोडली होती. तिची गोष्ट तपशिलांत टिकली नाही. रस्ता रिकामा होता आणि आपण लाल दिव्यापाशी थांबलो होतो, असे ती म्हणाली होती. तो दिवा मात्र आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच लाल व्हायचा. म्हणजे रडणारी आई खोटी निघाली आणि न रडणारी खरी. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 मध्ये या विषयावरच्या दोनशेहून अधिक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. समोरचा खरे बोलतो की खोटे हे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरतात, असे त्यांना आढळले. नाणे उडवले तरी 50 टक्के हाती लागतात.

आपल्याकडे हे सारे ओळखीचे वाटावे. 2008 मध्ये नॉयडात आरुषी तलवारचा खून झाला, तेव्हा आधी बेपत्ता नोकर हेमराज खुनी ठरला. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह गच्चीवर सापडला, आणि मग वाहिन्यांनी आई-बापाचे चेहरे वाचायला घेतले. 2013 ला झालेली त्यांची शिक्षा 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केली. घरच्यांना सोडून परक्यांवर संशय घेणे हाही उपाय नव्हे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले, आणि तीही फक्त मोबाइलवर फिरणारी अफवा होती. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायला सांगितले, ते तपास पहिल्या तासापासून सुरू व्हावा म्हणून. त्या तपासाला लोकांकडून फोटो, कपड्यांचा रंग, शेवटचे ठिकाण आणि कोणी प्रत्यक्ष काय पाहिले एवढेच हवे असते.

चेंबरलेन कुटुंबाच्या वाट्याला आलेली हानी पैशात मोजण्याचा प्रयत्न झाला. 1992 मध्ये त्यांना 13 लाख डॉलर भरपाई मिळाली. पण लोक आईकडे बोट दाखवत राहिले त्या वर्षांत डिंगो माणसाला मारू शकतो ही गोष्टच देशाने गंभीरपणे घेतली नाही. एप्रिल 2001 मध्ये क्वीन्सलंडच्या फ्रेझर बेटावर नऊ वर्षांच्या एका मुलाला डिंगोंनी ठार केले. पुढे नव्याने मृत्यू-चौकशी करणाऱ्या न्यायाधिकारी एलिझाबेथ मॉरिस यांच्यापुढे अशा हल्ल्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि 12 जून 2012 रोजी, मुलगी गेल्यावर जवळपास 32 वर्षांनी, अझारियाच्या मृत्यूचे कारण अधिकृत दप्तरात डिंगोचा हल्ला असे लिहिले गेले.