डोळ्यांदेखत हलणारा कागद

ऑप आर्टची, म्हणजे नजरेला हालचालीचा भास देणाऱ्या भौमितिक चित्रांची, छापील प्रत पाहिली की ‘मूळ चित्र कुठे आहे?’ असं आपण सवयीने विचारतो. माझ्या मते इथे तो प्रश्न गैरलागू आहे, कारण या कलेचं खरं घर स्क्रीन प्रिंटिंगच. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात, तेच तंत्र. चौकटीवर ताणलेल्या जाळीतला नको तो भाग बुजवायचा आणि उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई कागदावर उतरवायची. थर सपाट बसतो, कडा धारदार येते, कुंचल्याचा मागमूस राहत नाही. ऑप आर्टला नेमकं हेच हवं असतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाटीने आल्या की दृष्टिपटलावरच्या शेजारच्या पेशी एकमेकींचा प्रतिसाद दाबतात; त्यात डोळा कधीच पुरता स्थिर नसतो, म्हणून कागद थरथरल्यासारखा वाटतो. कडेत हाताचा कंप दिसला, तर नजर त्यातच अडकते आणि भास विरतो.

हंगेरीत १९०६ साली जन्मलेला ऑप आर्टचा चित्रकार व्हिक्टर व्हासारेली १९३० मध्ये पॅरिसला आला आणि बरीच वर्षं जाहिरातींच्या कामावर जगला. एकुलत्या एका मूळ प्रतीचा बडेजाव त्याला पटला नाही, यात त्या धंद्याचाही हात असावा. मोजके आकार आणि नेमून दिलेल्या छटा यांतून त्याने अशी पद्धत बसवली, की सूचनांबरहुकूम सहायकही चित्र उभं करत. चित्रकार जोसेफ आल्बर्सच्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या १९६३च्या ग्रंथातली रंगीत पानंही स्क्रीननेच छापलेली. एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवला, की दोन रंग असल्यासारखा दिसतो, हे तिथे दिसतं. शाईची छटा जागोजागी बदलली असती, तर हा पुरावाच उरला नसता.

‘ही तर नुसती हातचलाखी’ हा आक्षेप जुना आहे. पण जादूगाराची युक्ती कळली की जादू संपते. आल्बर्सचे दोन रंग एकच आहेत हे कळल्यावरही डोळा ऐकत नाही. मग हा फसवणुकीचा खेळ कसा? आपण पाहतो कसे, याचाच तो अभ्यास आहे. दुसरा आक्षेप असा, की छपाईने कला स्वस्त झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६५ साली ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे ऑप आर्टचं प्रदर्शन भरलं आणि चित्रकार ब्रिजेट रायलीची चित्रं तिला न विचारता फ्रॉकांवर उतरली. ती संतापली, आणि ते रास्तच होतं. मात्र त्याच वर्षी तिने स्वतः ‘फ्रॅगमेंट्स’ ही सात चित्रांची मालिका अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यांवर स्क्रीननेच छापून घेतली. कापडाला चुण्या पडल्या की रेषेचं गणित मोडतं. सपाट पत्र्यावर ते टिकतं.

आकाराचा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. रायलीचा भिंतभर कॅनव्हास माणसाला वेढून टाकतो, छापील प्रतीला ते जमत नाही. आणि चित्र सर्वांच्या घरी पोचवायचं व्हासारेलीचं स्वप्नही अर्धंच राहिलं. जाळीवरून पुष्कळ प्रती निघू शकतात. तरी बाजारासाठी त्या मोजक्याच काढून कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालतात. व्हासारेलीच्या प्रतींवरही तो आहेच.