विश्लेषण : लोकल पकडायच्या वेळीच पोट का बिघडते? मेंदूतील संप्रेरकांचा आतड्यांशी काय संबंध?

सकाळी पोट साफ झालेले असते, डबा भरलेला असतो आणि नेमके डोंबिवली स्थानकाकडे निघताना पुन्हा शौचाला जावेसे वाटते. रविवारी मात्र हा त्रास नसतो. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. जलद लोकलनेही साधारण तासाभराचा प्रवास. उपनगरी लोकलमध्ये शौचालय नसते. ‘मध्येच लागली तर?’ ही धास्ती घेऊन निघणाऱ्याला घरचे ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यामागे शरीराची ठोस यंत्रणा असते.

ताण आल्यावर काय घडते?

धोक्याची जाणीव होताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएफ नावाचे संप्रेरक सोडतो. १९८१ मध्ये अमेरिकेतील वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली. त्याच्या इशाऱ्यावर पुढे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात वाढते. सीआरएफचा दुसरा परिणाम थेट पोटावर होतो. जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, तर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून एकीकडे नाश्ता घशाशी आल्यासारखा वाटतो आणि दुसरीकडे शौचाची घाई होते. ‘पोटात गोळा आला’ हा मराठी वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही!

पोट मेंदूला काय कळवते?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते. त्यात १० कोटींहून अधिक चेतापेशी असल्याने त्याला ‘दुसरा मेंदू’ म्हटले जाते. मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन शरीरात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ९० टक्के, आतड्यांतच असते. तिथे ते हालचाल आणि स्राव नियंत्रित करते. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेतील बहुतांश तंतू पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात. त्यामुळे ताणाने पोट बिघडते, बिघडलेल्या पोटाने धास्ती वाढते आणि हे चक्र सुरू राहते.

मग काहींना बद्धकोष्ठ का होते?

ताणाचा परिणाम प्रत्येकावर सारखा नसतो. शिवाय गाडी चुकेल म्हणून किंवा कार्यालयातील स्वच्छतागृह नकोसे वाटते म्हणून वेग दाबून ठेवला, तर आतडे मलातील पाणी शोषत राहते. मल कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी कुंथावे लागते.

हा आजार कधी म्हणायचा?

गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मलाचे स्वरूप बदलण्याशी असेल, तर डॉक्टर ‘आयबीएस’ची शक्यता तपासतात. तक्रारीची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी, असाही निकष आहे. यात आतड्याला जखम दिसत नाही. पण त्रास खराच असतो.

दुर्लक्ष कधी करू नये?

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, ताप, शौचाच्या घाईने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, यांपैकी काहीही असल्यास ‘टेन्शनमुळे होतंय’ असे समजून थांबू नये. तातडीने तपासणी करून घ्यावी.

उपाय काय?

काही खाल्ल्यावर मोठे आतडे आपसूक हालचाल करू लागते. त्यामुळे अर्धा तास लवकर उठून, नाश्ता करून शौचासाठी निवांत वेळ ठेवणे अनेकांना उपयोगी पडते. धास्तीने उपाशी निघून फलाटावर चहावर चहा पिण्याने त्रास वाढू शकतो. रोज जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. वाटेतील कोणत्या स्थानकावर शौचालय कुठे आहे, हे माहीत असले तरी धास्ती कमी होते. संथ, खोल श्वसन, नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप यांचीही मदत होते. त्रास टिकून राहिल्यास आहारातील बदल, औषधे आणि समुपदेशन यांची सांगड घातली जाते. ताण असह्य होत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.