एका दरवाजावर दोन चौकीदार: लिनक्सची जुनी आणि नवी फायरवॉल

अचलपूर-परतवाड्यात शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे फॉर्म भरायची गर्दी असली, की सेंटरचा सर्व्हर बंद पडून चालत नाही. आपल्या शाळेत, मदरशात किंवा दुकानात लिनक्सचा सर्व्हर असेल, तर ही माहिती कामाची आहे. नेटवर्किंग शिकणाऱ्या मुला-मुलींनाही वाचायला द्या.

फायरवॉल म्हणजे दरवाजावरचा चौकीदार. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, याची वही त्याच्याजवळ असते. लिनक्समध्ये २००१ पासून हे काम 'आयपीटेबल्स' करत आलं. २०१४ मध्ये त्याची जागा घ्यायला 'एनएफटेबल्स' आलं. २०१९ मध्ये डेबियनच्या दहाव्या आवृत्तीने ते स्वीकारलं.

जुन्या लोकांची अडचण होऊ नये म्हणून आयपीटेबल्स ही कमांड कायम ठेवली. पण त्या एका नावामागे आता दोन प्रकार आहेत. 'लेगसी' जुन्या वहीत नियम लिहितो, 'एनएफटी' नव्या वहीत. घोळ इथेच होतो. दोन्ही वह्या एकाच वेळी चालू राहू शकतात आणि पॅकेटला दोन्हीकडून परवानगी लागते. एकाने सोडलं, पण दुसऱ्याने अडवलं, तर ते अडलंच. आपण नवी वही तपासत बसतो, नियम मात्र जुनीत असतो.

उलटा धोका जास्त मोठा आहे. एनएफटेबल्सच्या फाइलमध्ये बहुधा सुरुवातीलाच 'सगळे नियम पुसा' अशी आज्ञा असते. त्याने आयपीटेबल्सच्या एनएफटी प्रकारातले नियमही जातात. दरवाजा बंद आहे असं आपण समजतो, अन् विद्यार्थ्यांचे आधार कार्ड, दाखले ठेवलेला सर्व्हर उघडा पडू शकतो.

मग काय करावं?

१. आयपीटेबल्सला त्याची आवृत्ती विचारा. कंसात 'लेगसी' आहे की 'एनएफ टेबल्स', ते दिसतं.
२. दोन्ही वह्यांतले नियम पाहा आणि त्यांची प्रत जपून ठेवा.
३. जुने नियम 'आयपीटेबल्स-ट्रान्सलेट'ने नव्या भाषेत करून घ्या. ते वाचून तपासा, नंतरच जुनी वही रिकामी करा.
४. हे काम दुरून नको, सर्व्हरसमोर बसूनच करा. एक नियम चुकला तर आपणच बाहेर अडकतो.
५. सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तपासा.

जुनी वही ठेवा की नवी, पण एकच ठेवा. अन् हे काम फॉर्मची शेवटची तारीख येण्याआधीच उरका.