हळदीचा अर्क आणि यकृताच्या कर्कपेशी

हळकुंडाच्या भुकटीतून अल्कोहोलने काढलेला गडद पिवळा अर्क म्हणजे कर्क्युमिन नव्हे. त्यात तेले, राळ आणि कर्क्युमिनशी रचनेने जवळची असलेली आणखी दोन संयुगे मिसळलेली असतात, म्हणून तो सिलिका जेल भरलेल्या काचेच्या नळीतून सावकाश खाली उतरवून पिवळे पट्टे एकेक करून वेगळे गोळा करावे लागतात.

यकृताच्या कर्करोगासंदर्भात कर्क्युमिनची चाचणी बहुधा हेप-जी-२ या पेशींवर होते. अर्जेंटिनातील 15 वर्षांच्या एका मुलाच्या यकृतातील गाठीपासून वाढवलेल्या या पेशी भारतातील अनेक संशोधक पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळवतात. ती गाठ प्रौढांमध्ये आढळणाऱ्या यकृत कर्करोगाची नसून हिपॅटोब्लास्टोमा या बालवयातील कर्करोगाची होती, हे 2009 साली दाखवून दिले गेले, तरी निष्कर्ष लिहिताना हा भेद अनेकदा विसरला जातो.

96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी पेरून, त्या तळाला चिकटल्यावर, कर्क्युमिनची चढती मात्रा दिली जाते आणि प्लेट 37 अंश सेल्सिअसला ठेवली जाते. एक-दोन दिवसांनी एमटीटी हा पिवळा क्षार घालतात; जिवंत पेशींतील विकरे त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, ते विरघळवून रंगाची तीव्रता यंत्राने मोजतात, आणि जांभळा जितका फिका तितक्या पेशी कमी जगल्या असे मानतात. येथेच खरी मेख आहे. वनस्पतींतील अनेक अँटिऑक्सिडंट पेशींच्या मदतीविना एमटीटीला जांभळे करतात, कर्क्युमिनचा स्वतःचा पिवळेपणा मोजणीत लुडबुडू शकतो, शिवाय शरीराच्या तापमानाला, रक्तद्रव नसलेल्या द्रावणात, ते अर्ध्या तासात बहुतांशी विघटित होते. त्यामुळे पेशी नसलेले, केवळ संयुग आणि क्षार असलेले खळगे ज्या प्रयोगात नाहीत, त्याच्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे.

प्लेटमधील मात्रा शरीरात गाठणे तर त्याहून अवघड, कारण तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन आतड्यात कमी शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याला यकृतच ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून शरीराबाहेर टाकण्याजोगे करते. यकृत कर्करोगावरील औषध म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. उलट हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा अशा गोळ्या घेणाऱ्या यकृतरुग्णांनी ते आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.