दोन चुलींचे घर

धर्मशिक्षण म्हटले की देऊळ, मशीद अथवा चर्च डोळ्यांपुढे उभे राहते. पोथी, प्रवचन आणि प्रवचनकार आठवतात. घरातील चूल, पाळणा, केरसुणी आणि पिठाची परात यांची आठवण अशा वेळी सहसा कोणास होत नाही. परंतु नव्या करारातील शुभवर्तमाने उघडली की निराळेच दृश्य दिसते. येशू ख्रिस्ताने आपले पुष्कळसे दाखले विद्वानांच्या सभेतून नव्हे, तर शेतातून, बाजारातून आणि घरातून उचललेले आहेत.

लूकच्या शुभवर्तमानातील एका स्त्रीजवळ दहा नाणी असतात. त्यांतील एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडून काढते आणि नाणे सापडताच शेजारणींना बोलावून आपला आनंद सांगते. त्या काळातील पॅलेस्टाईनच्या साध्या घरांत उजेड बेताचाच येई; म्हणून शोधण्यासाठी दिवा हवा. वाट चुकलेल्या माणसाला ईश्वर कसा शोधतो, हे सांगण्यासाठी ख्रिस्ताला या केर काढणाऱ्या बाईपेक्षा मोठी उपमा शोधण्याची गरज वाटली नाही. दुसऱ्या दाखल्यात एक स्त्री तीन मापे पिठात खमीर मिसळते आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता सारे पीठ फुगून येते. स्वर्गाचे राज्य असे येते, असा त्याचा भावार्थ. महाराष्ट्रातील गृहिणीला ही गोष्ट विरजणावरून सहज कळेल. कोमट दुधाला विरजण लावावे, भांडे झाकून ठेवावे आणि मग त्याला हात लावू नये. घाईने ढवळत बसले, तर दही लागत नाही.

या उपमांचा रोख नीट ध्यानात घेतला पाहिजे. आईने रोजच्या कामांतून वेळ काढून धर्माचे आणखी एक काम करावे, असे येथे सुचविलेले नाही. ती जे करीतच असते, त्यातच पाठ दडलेला आहे. रात्री आजारी मुलाच्या उशाशी बसताना क्षमा, धीर आणि निरपेक्ष प्रेम हे शब्द तिला कोणी शिकवावे लागत नाहीत. मात्र येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्याला जे सत्य वाटते, ते घरातील दुसऱ्या माणसाने मान्य केले नाही, तर काय करावयाचे? ममता आणि आग्रह यांच्यामधील सीमारेषा कोठे आखावयाची?

या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाला एका घराच्या इतिहासात सापडते. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मल्या. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे पालन अतिरेकाला गेलेले होते. लहानपणीच त्यांचा विवाह झाला. पती कवी, बुद्धिमान, उदार आणि तितकेच तापट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्या एका दिवसाने संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंनी पुढील काही वर्षे आप्तांच्या आधाराने काढली. पती हयात असून सहवास नाही, आणि सहवास पत्करावा तर धर्म व जात दोन्ही जाणार, अशा पेचात त्या सापडल्या होत्या. ज्या श्रद्धेने टिळकांना शांती दिली, तिनेच त्यांच्या घरातील शांती हिरावून नेली, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मकथेत ती झाकलेलीही नाही.

पुढे पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, तेव्हाही लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. एकाच संसारात ख्रिस्ती पती आणि आचारधर्म पाळणारी हिंदू पत्नी, अशी ती दोन चुलींची व्यवस्था होती. ती दुसरी चूल बळाने विझवली गेली नाही, हे या घराचे मोठे भाग्य म्हटले पाहिजे. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात असेच सांगितले आहे. पत्नी ख्रिस्ती नसली आणि ती एकत्र राहण्यास राजी असली, तर पतीने तिला सोडू नये. पत्नीनेही पतीविषयी तेच करावे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य हा अशाच संमिश्र घरातला होता. त्याचे वडील ग्रीक, तर आई युनीके आणि आजी लोईस या श्रद्धावंत. तीमथ्याची श्रद्धा प्रथम या दोघींच्या ठिकाणी वसत होती, असे पौल आवर्जून नमूद करतो.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल वादविवादाने झाला नाही. नगर जिल्ह्यातील राहुरीच्या वास्तव्यात नाना जातींची माणसे नित्य डोळ्यांसमोर वावरत होती. त्यांची सुखदुःखे, त्यांची मुले, त्यांची आजारपणे त्या पाहत होत्या. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला, त्याचे उत्तर स्वतःच शोधले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास हरकत मानावयाची नाही, असे ठरविले. आधी शिवाशिव गेली; बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. विरजण लागावयास पाच वर्षे लागली. टिळक १९१९ साली निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेण्याचे काम याच लक्ष्मीबाईंनी केले. एके काळी ज्या श्रद्धेपायी त्यांनी अश्रू ढाळले, तिचीच गाथा त्यांनी आपल्या हाताने लिहिली.

ख्रिस्ताने स्वतःला आईची एक उपमा दिलेली आहे. कोंबडी आपली पिले पंखांखाली गोळा करते, तशी यरुशलेमच्या लेकरांना जवळ घेण्याची आपली कितीदा इच्छा होती, असे तो म्हणतो. पण ती लेकरे आली नाहीत, हेही त्याच वाक्यात तो सांगतो. पंख उघडे ठेवावयाचे. पिलाला ओढून आणावयाचे नाही. आईपणाचा हा सर्वांत कठीण पाठ आहे. मूल जेवत नाही, ऐकत नाही, मोठे झाल्यावर निराळ्या वाटेने जाते. अशा वेळी तिच्या हाती दार उघडे ठेवण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. परंतु तेवढे करणे म्हणजे थोडे नव्हे.

तथापि घर हेच सर्वस्व, असाही अर्थ यातून काढू नये. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत होती आणि तिची बहीण मरीया ख्रिस्ताच्या पायांशी बसून ऐकत होती. मार्थेने तक्रार केली, तेव्हा ख्रिस्ताने मरीयेला स्वयंपाकघरात पिटाळले नाही. घरकामातून बोध मिळतो, म्हणून स्त्रीला घरकामातच कोंडावे, या विचाराला येथे आधार नाही. तसेच, ईश्वराच्या इच्छेप्रमाणे वागणारा प्रत्येक जण आपली आई आणि आपला भाऊ, असे सांगून ख्रिस्ताने कुटुंबाची भिंत रक्ताच्या नात्यापलीकडे नेली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला, तो याच व्यापक मातृत्वाचा आविष्कार होय. मनोरमा ही त्यांची एकच कन्या. पण त्यांना आई मानणाऱ्या मुलींची गणती करणे कठीण होते.

धर्म कोणताही असो, तो घरात प्रवेश करतो तेव्हा प्रथम त्याच्या वागण्याची परीक्षा होते. जेवणाच्या पंगतीत कोणाला जागा मिळते, चुकलेल्याशी कोणत्या स्वरात बोलले जाते, न पटणाऱ्या माणसाची चूल शाबूत राहते की नाही, यांवरून मुले त्याची पारख करतात. प्रवचन त्यांना पुढे कळेल किंवा कळणारही नाही. या गोष्टी मात्र ती पाळण्यात असल्यापासून वाचीत असतात.